‘कुठे आहेस?’ : फोनला आपली जागा कळू लागली त्याची गोष्ट



मोबाईलवर कुणी बोलायला लागलं की ‘हॅलो’नंतरचं वाक्य नीट ऐका. बहुतेक वेळा ते असतं, “कुठे आहेस?” तारेचा फोन होता तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, कारण फोन जिथे ठेवलेला, तिथेच माणूस उभा. फोन माणसाबरोबर फिरायला लागला आणि हा प्रश्न आला. आता तर आपण तोंड उघडायच्या आधीच फोन उत्तर देऊन मोकळा होतो. पीक पाहणी असो, रोजगार हमीची हजेरी असो, विजेचा इशारा असो की पोलिसांची मदत, प्रत्येक ठिकाणी फोन आपली जागा सांगत असतो.

आमच्या प्रभागातल्या एका बैठकीत एका ताईंनी विचारलं, “माझा फोन बटणांचा. त्यात नकाशा नाही, नेट नाही. मग मी कुठे आहे ते त्याला कळत नसेल ना?” या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. कारण फोनला जागा कळायच्या दोन-तीन वेगळ्या रीती आहेत. त्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गरजेपोटी काढल्या, आणि सुरुवातीला त्यातली एकही तुमच्या-माझ्यासाठी नव्हती. कोणती रीत चालू आहे ते समजलं, की तिच्यावर किती भरवसा ठेवायचा आणि आपली जागा कुणाकडे चालली आहे, हे विचारता येतं.

सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातून करू. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एका इंग्रज माणसाची कबर आहे. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ साली त्यानं मद्रासजवळ जमिनीवर सुमारे १२ किलोमीटरची एक रेघ साखळीनं मोजली. मग रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे दुर्बिणीनं बघून कोन मोजले. एक बाजू आणि दोन कोन माहीत झाले की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात, टेकडीपर्यंत साखळी ओढत न्यावी लागत नाही. मग ती निघालेली बाजू धरून पुढचा त्रिकोण. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे लोक दक्षिणेकडून वर सरकत आले. कोन मोजायचं यंत्र जवळपास अर्ध्या टनाचं होतं. ते डोंगरांवर चढवलं कुणी, तर इथल्याच मजुरांनी. त्यांची नावं कुठल्या कबरीवर नाहीत. नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला आणि काम पुढे चालू राहिलं.

ही मोजणी कंपनी सरकारला मुलूख ताब्यात ठेवायला हवी होती, हे उघड आहे. पण त्यात एक गोष्ट आहे ती आजही तशीच आहे. कुठलीही जागा एकटी सांगता येत नाही. आपण नाही का सांगत, “मारुतीच्या देवळापासून दोन घरं सोडून, विहिरीच्या अलीकडे”? आधी ठरलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या खुणा लागतात आणि त्या खुणांपासून मोजमाप लागतं. लॅम्बटनच्या खुणा डोंगरावर होत्या. फोनच्या खुणा म्हणजे टॉवर आणि आकाशातले उपग्रह.

आधी टॉवरचं बघू, कारण त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. हा फोन बिनतारी होता, त्यामुळे कंपनीसमोर एक अडचण होती. समजा मला कुणी फोन लावला, तर घंटी वाजवायची कुठे? सगळ्या देशातल्या सगळ्या टॉवरवरून मला हाका मारणं परवडणारं नाही. म्हणून चालू असलेला फोन अधूनमधून जवळच्या टॉवरला हळूच सांगत असतो, “मी इकडे आहे.” आपण बोलत नसलो, फोन पिशवीत पडलेला असला, तरी हे चालू असतं. हे बंद केलं तर फोन येणारच नाही.

म्हणजे बटणांच्या फोनचीही जागा कळते. फोनला स्वतःला नाही, पण कंपनीला कळते. काही जणींना आठवत असेल, जुन्या फोनच्या पडद्यावर कधीकधी भागाचं नाव उमटायचं. एसटीत बसलं की नाव बदलत जायचं आणि गाव किती लांब राहिलं ते कळायचं. ते नाव टॉवर पाठवत असे. जागेवर चालणारी मोबाईल सेवा आपल्यातल्या पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिली ती हीच, आणि तीही फुकट.

पण टॉवरला कळतं ते ढोबळ. शहरात टॉवर दाट, म्हणून तिथे काही शे मीटरपर्यंत अंदाज येतो. आपल्याकडे एकेका टॉवरखाली कितीतरी वाड्या-वस्त्या येतात. त्यामुळे ‘या टॉवरखाली होती’ याचा अर्थ कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेतरी होती, एवढाच. बातम्यांत पोलिसांनी ‘टॉवर लोकेशन’ काढलं असं वाचतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. त्यावरून तालुक्याची कोणती बाजू ते कळेल, घर कळणार नाही.

दुसरी रीत आकाशातली. तिची गोष्ट मला फार आवडते, कारण ती उलट्या विचारातून निघाली.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियानं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघानं, स्पुतनिक नावाचा पहिला उपग्रह सोडला. तो पृथ्वीभोवती फिरताना ‘बीप बीप’ असा आवाज रेडिओवर पाठवायचा. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ तो ऐकत बसले. रस्त्याकडेला उभं असताना ट्रक हॉर्न वाजवत जवळ येतो तेव्हा आवाज बारीक-उंच लागतो आणि पुढे गेला की एकदम जाड होतो, तसा स्पुतनिकच्या लहरींतही फरक पडत होता. त्या फरकावरून त्यांनी उपग्रहाचा मार्ग काढला. मग त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी विचारलं, जमिनीवरची आपली जागा माहीत असताना उपग्रह कुठे आहे हे कळतं, तर उलटं का नाही? उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर जमिनीवर आपण कुठे आहोत हे कळायला हवं. अमेरिकेच्या आरमाराला पाणबुड्यांसाठी नेमकं हेच हवं होतं. त्यातून ‘ट्रान्झिट’ नावाची पहिली व्यवस्था झाली. मग १९७३ मध्ये तिथल्या सैन्यानं मोठी योजना आखली आणि १९७८ मध्ये तिचा पहिला उपग्रह वर गेला. तिचंच नाव जीपीएस.

ती चालते कशी, हे समजायला आपल्या ओळखीचा एक अनुभव घ्या. वीज चमकली की आपण आकडे मोजतो. एक, दोन, तीन... आणि गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे सहा आकडे झाले तर वीज दोन किलोमीटरवर पडली. पण कुठल्या बाजूला? ते एकटीला सांगता येणार नाही. आपल्या गावाभोवती दोन किलोमीटरचं एक रिंगण काढा, त्यावर कुठेही. शेजारच्या गावातल्या बहिणीनंही आकडे मोजले असतील तर तिच्या गावाभोवती दुसरं रिंगण काढा. दोन रिंगणं दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील. तिसऱ्या गावाचं रिंगण आलं, की एकच जागा उरते.

जीपीएसचंही तसंच. किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक जण एकसारखं सांगत असतो, “मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले.” हा निरोप प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावत, आपल्यापर्यंत येतो. डोक्यावरच्या उपग्रहाचा निरोप यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. उशीर किती झाला यावरून फोन अंतर काढतो. लॅम्बटननं कोन मोजले, फोन वेळ मोजतो. सेकंदाचा एक लाखावा भाग चुकला तरी ३ किलोमीटरची चूक पडते, म्हणून उपग्रहात अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या फोनमधलं घड्याळ त्या मानानं अगदीच कच्चं. त्याची चूक काढायला एक जास्तीचा उपग्रह लागतो, म्हणून फोनला निदान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. दाट झाडीत, घळीत किंवा पत्र्याच्या घरात जागा चुकते ती यामुळेच. अंगणात या, आकाश मोकळं मिळू द्या, मिनिटभर थांबा.

यात एक गोष्ट नीट ऐका. उपग्रह फक्त बोलतो. त्याला आपण आहोत हेसुद्धा माहीत नसतं. फोन ऐकतो आणि हिशेब करतो. म्हणून जीपीएसला रिचार्ज लागत नाही, रेंजही लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, आणि उपग्रह लवकर शोधायला थोडी मदत म्हणून. “उपग्रहातून आपल्यावर नजर ठेवतात” असं पुष्कळ जणी म्हणतात. जीपीएसचे उपग्रह तसं काही करत नाहीत. फोननं काढलेला आकडा पुढे पाठवतं ते फोनमधलं एखादं ॲप, आणि बहुतेक वेळा आपणच ‘अलाऊ’वर बोट ठेवलेलं असतं.

या कामात एका बाईचा मोठा वाटा आहे. ग्लॅडिस वेस्ट. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, शेतावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात १९३० मध्ये त्यांचा जन्म झाला. आई तंबाखूच्या कारखान्यात कामाला होती. शाळेत पहिल्या आल्या म्हणून शिष्यवृत्ती मिळाली, गणित शिकल्या आणि १९५६ मध्ये आरमाराच्या एका केंद्रात नोकरीला लागल्या. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. ती कुठे फुगलेली, कुठे दबलेली आहे, आणि त्यामुळे उपग्रहाची वाटही किंचित हलते. पृथ्वीचा खरा आकार गणितात बसवल्याशिवाय जीपीएसचं उत्तर बरोबर येणार नव्हतं. त्या आकाराचा हिशेब वेस्ट यांनी वर्षानुवर्षं संगणकावर केला. त्यांचा जाहीर सन्मान झाला तो २०१८ मध्ये, निवृत्तीनंतर वीस वर्षांनी. त्या स्वतः कुठे जायचं तर कागदी नकाशाच पसंत करायच्या, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे.

जीपीएस सैन्याचं होतं ते सगळ्यांचं कसं झालं? १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि ते पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही व्यवस्था तयार झाली की सामान्य लोकांनाही वापरू देऊ, असं जाहीर केलं. १९९५ मध्ये ती पुरी झाली. तरी लोकांना मिळणाऱ्या निरोपात मुद्दाम चूक घातलेली असे, शंभर मीटरपर्यंत. मे २००० मध्ये ती चूक काढली आणि मग रस्ता दाखवण्याइतकं ते नेमकं झालं. दुसऱ्या देशाच्या सैन्यावर किती विसंबायचं, म्हणून आपल्या इस्रोनंही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सातवा उपग्रह गेला तेव्हा त्या व्यवस्थेचं नाव ‘नाविक’ ठेवलं.

तिसरी रीत शहरातली. आसपासच्या घरा-दुकानांतल्या वाय-फायची नावं ओळखून फोन आपली जागा ताडतो. आपल्याकडे तिचा फारसा उपयोग नाही, म्हणून ती सोडून देऊ.

आता या जागेचा उपयोग करणाऱ्या सेवा. मी त्यांना एकच प्रश्न लावते, कोण विचारतंय?

काही ठिकाणी आपण स्वतः विचारतो. मी कुठे आहे, दवाखाना किती लांब, बँक कुठे. नकाशाची ॲप ही अशी.

काही ठिकाणी निरोप आपल्याकडे चालून येतो. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं कोकलले होते, आठवतं? पूर किंवा वादळाच्या इशाऱ्याची ती चाचणी होती. त्यात टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम सांगतो. हा कोणाचा फोन, तो कोणाचा, याच्याशी त्याला घेणं नसतं. गावात दवंडी देणाऱ्याला कुठल्या घरात कोण झोपलंय हे कळावं लागतं का? विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलं आहे. ते मात्र तुमची जागा विचारतं, कारण त्याला तुमच्या भोवतालापुरतं सांगायचं असतं. पावसाळ्याआधी शेतात जाणाऱ्या प्रत्येकीच्या घरात एका तरी फोनवर ते असावं, असं माझं मत आहे.

तिसऱ्या प्रकारात दुसरं कुणीतरी आपली जागा तपासतं. इथे आपलं पोट अडकलेलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागा नोंदवतो, आणि शेताच्या गट नंबरापासून आपण लांब असलो तर ॲप तसं सांगतं. जमिनीभोवती न दिसणारं कुंपण घातल्यासारखं. तलाठ्याची वाट बघणं संपलं, हे चांगलं झालं. पण खुरपणारी बाई शेतात आणि स्मार्टफोन नवऱ्याबरोबर पुण्याला, अशी किती घरं आहेत? पीक उभं असून सातबाऱ्यावर नोंद नाही, मग भरपाईच्या वेळी बोंब. रोजगार हमीच्या कामावरही २०२१ मध्ये हजेरीचं ॲप आलं आणि जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सगळ्या कामांवर सक्तीचं झालं. मेटनं दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, जागा आणि वेळेसकट. खोट्या नावांनी भरलेले हजेरीपट आपण ऐकलेले आहेत, त्यामुळे हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही आणि खोदलेल्या मातीची मजुरी अडली, अशा तक्रारी देशभरातून झाल्या. जागा मोजणारं यंत्र अडलं, तर घाम गाळणारीनं का भरावं? अशा दिवशी मेटनं वहीत हजेरी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी कळवावं.

तपासणारा कधी घरातलाही असतो. व्हॉट्सॲपवर २०१७ मध्ये लाईव्ह लोकेशन आलं. ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, मग आपोआप थांबतं. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला त्याचा आधार वाटतो. पण नकाशाच्या ॲपमध्ये ‘बंद करेपर्यंत’ असाही पर्याय असतो. कुणी तुमच्या फोनवर तो एकदा लावून दिला, तर माहेरी गेलात की बैठकीला, सगळं त्याला दिसत राहतं. नकाशात आपल्या खात्याच्या गोल चित्रावर बोट ठेवा, लोकेशन शेअरिंग उघडा, कुणाचं नाव आहे बघा. काळजी आणि पहारा यातला फरक प्रत्येकीला आपल्या घरापुरता ठाऊक असतो. मी वेगळं काय सांगू?

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचंही तेच. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला, की अशा ॲपनं फोनमधले नंबर आणि फोटो चाळायचे नाहीत, आणि जागा विचारायचीच तर सुरुवातीला एकदा, तुमच्या स्पष्ट संमतीनं. कर्जाचं ॲप कायमची जागा मागत असेल तर ते काढून टाका. आपला गट कर्ज देताना घर बघतो, पण रोज मागे फिरत नाही.

शेवटचा प्रकार संकटाचा. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर फोनमध्ये धोक्याचं बटण असावं ही मागणी जोरात आली आणि २०१६ मध्ये तसा नियम झाला. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण भराभर तीनदा दाबायचं, की ११२ ला हाक जाते. काही फोनमध्ये ही सोय आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते, ते मुलांकडून आजच बघून घ्या.

रुग्णवाहिकेसाठी १०८, बाळंतपणासाठी १०२. फोनवर ताई गाव, तालुका, खूण विचारतात तेव्हा चिडू नका. टॉवरचा अंदाज आपल्याकडे किती ढोबळ, ते वर सांगितलंच. वस्तीवरच्या घराला पत्ता नसतो, म्हणून एक काम गटानं करून ठेवावं. प्रत्येक वस्तीवर मोकळ्या जागी उभं राहून नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायचं. दोन आकडे दिसतात. ते गटाच्या वहीत आणि आशाताईंच्या वहीत लिहायचे. नेट नसलं तरी ते साध्या एसएमएसनं पाठवता येतात, फोनवर वाचूनही सांगता येतात. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं ‘डिजिपिन’ आणला, तो याच आकड्यांवरून केलेला दहा अक्षरांचा पत्ता आहे.

आकडे लिहिताना क्रम सांभाळा. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २३ च्या मध्ये येतो आणि दुसरा ७२ ते ८१ च्या मध्ये. अहिल्यानगरकडच्या बाईनं १९ आणि ७४ उलटे लिहिले, तर नकाशा तिची वस्ती नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात दाखवेल, आणि १०८ तिथवर जात नाही.